आर्मीचं मेरिट हातात, नेव्हीचं पत्र वाटेत: निघण्याआधीची तयारी

गेल्या पावसाळ्यात गल्लीतला एक पोरगा प्लॅस्टिकच्या फाइलीत दोन प्रिंट घेऊन ओट्यावर आला. एक आर्मीच्या अग्निवीर जीडीचं, म्हणजे जनरल ड्यूटीच्या साध्या शिपायाचं मेरिट, दुसरं नेव्हीच्या एसएसआरचं, म्हणजे बारावी पास नाविकाचं कॉल-अप (ट्रेनिंगला बोलावल्याचं पत्र). "काका, आता काय करू?" बाप मागे उभा. मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेला माणूस, त्यामुळे त्याचं मत विचारायची गरजच नव्हती. मी सिग्नल्समधून हवालदार म्हणून बाहेर पडलोय, तेव्हा मीही काही फार निःपक्षपाती नव्हे. पण त्या दिवशी त्याला जे सांगितलं ते दर भरतीनंतर कोणा ना कोणाला सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिलं काम म्हणजे तू नक्की कुठल्या पायरीवर उभा आहेस ते ओळखणं. मेरिटला नाव लागलं म्हणजे गावात पेढे वाटून होतात, पण नोकरी लागलेली नसते. २०२२ च्या आधीच्या भरतीत सगळं पार करून बसलेल्या पोरांना अग्निपथ, म्हणजे चार वर्षांच्या अग्निवीर भरतीची योजना, आल्यावर हेच कळलं: जुनी भरती रद्द झाली. ती पोरं कोर्टात गेली, आणि १० एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या: निवड झाली म्हणून भरती करून घेण्याचा हक्क तयार होत नाही. याला दुसरी बाजूही आहे. एनरोलमेंटच्या, म्हणजे दलात प्रत्यक्ष नाव नोंदवण्याच्या, कागदावर तुझी सही होत नाही तोवर तूही बांधलेला नाहीस. सही झाली की आर्मी अॅक्ट १९५० लागू. मग न सांगता घरी येऊन बसलास तर ती गैरहजेरी, आणि परत न जाण्याच्या इराद्याने आलास तर पळून जाणं. दोन्हीला वेगवेगळी कलमं आहेत, ३९ आणि ३८. अग्निवीराला चार वर्षांआधी स्वतःच्या इच्छेने बाहेर पडता येत नाही, अगदी अपवादात्मक कारण सोडून. म्हणून "आधी आर्मीत जातो, नाही जमलं तर नेव्हीत बदली मागतो" हे डोक्यातून काढ. अशी बदली नसते. एका दलातून दुसऱ्या दलात जायचं तर ते आत्ताच, घरी बसून वाट बघतोयस तेवढ्याच दिवसांत.

"ब्रँच बदलून देतो, वर ओळख आहे" असं सांगणारा भेटलाच तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. पैसे देऊ नकोस, आणि ओरिजिनल मार्कशीट तर हातातही देऊ नकोस. आमच्याकडे एका घराने म्हैस विकून असे पैसे भरले होते.

पगाराचा हिशेब मांडायला बसू नकोस, तिन्ही दलांत तो एकच आहे. योजना जाहीर झाली तेव्हाचे आकडे असे: पहिल्या वर्षी महिना ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवानिधीसाठी, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणाऱ्या रकमेसाठी, कापले जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात येतात २१,०००. चार वर्षांनी व्याजासकट साधारण ११ लाख ७१ हजार, त्यावर इन्कम टॅक्स नाही, पेन्शनही नाही. कायम ठेवतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. जोखमीचे, कष्टाचे भत्ते पोस्टिंगप्रमाणे मिळतात, पण पोस्टिंग तू ठरवत नाहीस.

फरक आहे तो कामात. इथे जरा वेळ घालव. वर्दीतला फोटो सगळ्यांचाच छान येतो. तू बघायचं ते कुठल्याही साध्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता तुझ्या हातात काय असणार ते. जीडीत रायफल, ड्यूटी, पीटी, गार्ड. एसएसआरला बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र मागतात, कारण जहाजावर काम यंत्रांशी असतं. वायुसेनेच्या सायन्सवाल्या अग्निवीरवायूलाही गणित-भौतिकशास्त्र आणि इंग्रजी लागतं. या पोराला विचारलं, सुट्टीत काय करतोस? म्हणाला, मामाच्या गॅरेजवर डिझेल पंप उघडतो. हात बघितले. नखांत काळं ऑइल बसलेलं, ते साबणाने निघत नाही. मला अर्धं उत्तर तिथेच मिळालं. चार वर्षांनी चारांतले तिघे घरी येणार, तेव्हा हाताला काय शिकवून आणलं ते बघितलंच पाहिजे. पण तुला पळायला, डोंगर चढायला, दहा जणांना घेऊन चालायला आवडत असेल तर इंजिनरूमच्या उकाड्यात जाऊन तू कुढशील. मग जीडीच बरी. कमी शिकलेला जीडीत जातो, हे अॅकॅडमीतल्या पोरांचं बोलणं मनावर घेऊ नकोस. आर्मीच्या आत मात्र रेजिमेंट आणि सेंटर तुला निवडता येत नाही. घरात तीन पिढ्या 'गणपत', म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान, असल्या तरी तुझ्या नावापुढे तोफखाना येऊ शकतो.

घरापासूनचं अंतर हा मुद्दा आई काढतेच. आर्मीचं सेंटर जवळ लागू शकतं: बेळगाव, नाशिक रोड, खडकी, अहिल्यानगर, कामठी. वायुसेनेचं ट्रेनिंग स्कूल सांबऱ्याला, म्हणजे तेही बेळगावच. नेव्हीचं मात्र ओडिशात, चिल्का सरोवराच्या काठी आयएनएस चिल्का. मुंबईहून कोणार्क एक्स्प्रेसने दीड दिवसाचा प्रवास. तिथली पासिंग आउट परेड बघायला जायचं तर तिकीट आधी काढून ठेवा. अग्निवीरांची पहिली परेड मार्च २०२३ मध्ये सूर्य मावळल्यावर, दिव्यांच्या उजेडात झाली होती. पण ट्रेनिंगचं अंतर काही महिन्यांचंच असतं. पुढे आर्मीवाला लडाखला आणि नेव्हीवाला कुलाब्याला असंही होतं. तेव्हा नकाशा बघून दल निवडू नका.

पोहायला येत नाही म्हणून नेव्ही सोडणारे मी पाहिलेत. हा पोरगा विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेला, त्याला ती भीती नव्हती. न येणाऱ्यालाही चिल्काला शिकवतात. बोट लागणं वेगळं. ते जुन्या नाविकांनाही होतं, त्याचं आत्ता ठरवता येत नाही.

आता खरी अडचण, तारखांची. या पोराचं आर्मीचं डिस्पॅच, म्हणजे ट्रेनिंग सेंटरला रवानगी, नेव्हीच्या रिपोर्टिंगच्या नऊ दिवस आधी होतं. डिस्पॅचला हजर राहिला नाही तर आर्मी गेली. आणि नेव्हीचं पहिलं मेडिकल फिट असलं तरी चिल्काला पोचल्यावर एनरोलमेंट मेडिकल पुन्हा होतं, त्यात अनफिट ठरलेली पोरं बॅग घेऊन परत येतात. म्हणजे हातातली भाकरी ठेवून ताटातल्या भाकरीकडे जायचं, आणि ते ताट अजून समोर आलेलं नाही. आर्मीत फिट झालो म्हणून नेव्हीत होईनच असं नसतं, दोघांचं मेडिकल स्वतंत्र. म्हणून सोडण्याआधी शरीराची झडती घे. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, कानातला मळ काढून घे, नाकाचं हाड वाकडं आहे का विचार. दातांची कीड भरून घे, कीट काढून घे. डोळ्यांचा नंबर आणि रंगांच्या ठिपक्यांची चाचणी दोन्ही कर. गुडघे जुळवून उभा राहा, घोटे एकमेकांना टेकतात का बघ. यातल्या एकाही ठिकाणी डॉक्टर "तसं चालेल" म्हणाला, तर माझं मत सरळ आहे: आर्मीत जा. "चालेल" हा शब्द मेडिकल बोर्डासमोर चालत नाही. सगळं स्वच्छ असेल तरच सोडायचा विचार.

वयही मोज. दोन्ही हुकलं तर पुढच्या भरतीत बसतोस का? योजना आली तेव्हा साडेसतरा ते एकवीस अशी अट होती, पण तू तोंडी आकड्यावर विसंबू नकोस. जाहिरातीत कुठल्या जन्मतारखेपासून कुठल्यापर्यंत लिहिलंय ते वाच. शेवटची संधी असेल तर हातातलं सोडू नये.

कागदांचं बघ. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. तेवढ्याने सहसा अडत नाही. अडतं ते स्पेलिंगवर आणि आईच्या नावावर. मार्कशीटवर 'सुमन', आधारवर 'सुमनबाई' असेल तर आजच दुरुस्तीला टाक, आठवडे जातात. डोमिसाइल, जातीचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, चारित्र्याचा दाखला. या शेवटच्याची तारीख सहा महिन्यांच्या आत लागते, म्हणून मागच्या भरतीचा कामाला येत नाही. सेतूत गर्दी असते, सकाळी लवकर जा. दोन्ही पोर्टलना जो मोबाइल नंबर दिलाय ते सिम बंद पडू देऊ नकोस. ओरिजिनल एकाच फाइलीत, झेरॉक्स दुसऱ्या. ती फाइल जत्रेला, लग्नाला, मित्राच्या गाडीच्या डिकीत नेऊ नकोस.

जत्रेवरून आठवलं. या दोन-तीन महिन्यांत मारामारीत नाव येऊ देऊ नकोस, पोलीस पडताळणीत सगळं निघतं. गाडी हळू चालव. दंडावर वाघ काढून घ्यायची हौस आली तरी थांब; कायमचं गोंदण फक्त कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि तळहाताच्या पाठीवर चालतं. सोळाशे मीटर चालू ठेव, पण डांबरी रस्त्यावर रोज नको, नडगी दुखायला लागते.

सोडायचं ठरलं तर गुपचूप घरी बसू नकोस. ज्या भरती कार्यालयातून निवड झाली तिथे स्वतः जाऊन लेखी कळव आणि पोच घे.

त्या पोराचे रिपोर्ट चार दिवसांत आले, सगळे स्वच्छ. वय एकोणीस. पाचव्या दिवशी त्याने आर्मी सोडायचा अर्ज लिहून घेतला, "माननीय महोदय"पासून माझ्याकडूनच. बाप त्या वेळी बोलला नाही. संध्याकाळी त्याच्या अंगणात खरखर ऐकू आली म्हणून डोकावलो, तर माळ्यावरची काळी लोखंडी ट्रंक खाली काढून तो पॉलिश पेपरने झाकणावरचा स्वतःचा नंबर घासत होता. मी म्हटलं, चिल्काला ट्रंक चालते का ते आधी कॉल-अप लेटरात बघा. तो म्हणाला, बघितलंय, नंबर नंतर रंगवू.