डिटेक्टिव्ह एजन्सी काढताय? निदान या चुका टाळा

"सर, डिटेक्टिव्हचं लायसन्स कुठे मिळतं?" हा प्रश्न घेऊन सारखे फोन येतात. मिळत नाही. खासगी गुप्तहेरांसाठी आपल्याकडे परवान्याचा कायदाच नाही. २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, वर्षानुवर्षं रेंगाळलं आणि २०२० मध्ये सरकारनं मागं घेतलं. २००५ चा 'पसारा' कायदा सिक्युरिटी गार्ड पुरवणाऱ्या एजन्सींसाठी आहे, आपल्यासाठी नाही.

तरीही पोरं शॉप अ‍ॅक्टचा कागद फ्रेम करून भिंतीवर लावतात आणि कार्डावर 'सरकारमान्य' छापतात. कामाला मोजकीच माणसं असतील तर ती नुसती सूचना दिल्याची पावती असते. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडेही तीच असते. उलटतपासणीत समोरचा वकील तुमचं कार्डच हातात घेतो आणि शांतपणे विचारतो, "कुठल्या सरकारनं मान्यता दिली?" त्यानंतर तुमच्या अहवालाकडे कोण बघणार?

लायसन्स नाही म्हणजे कुणी विचारणारं नाही, हा दुसरा गैरसमज. त्यातूनच सीडीआर, म्हणजे दुसऱ्याच्या फोनवरच्या कॉलच्या नोंदी, विकत घेण्याची खोड लागते. कुणीतरी ओळखीचा 'कंपनीतला माणूस' असतो, पैसे पाठवले की कॉलची यादी मेलवर येते. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी याच धंद्यात गुंतलेल्या अनेक खासगी गुप्तहेरांना अटक केली. त्यात या क्षेत्रातली नावाजलेली मंडळीही होती. वर्षभर पोरं जरा दबून होती, मग पुन्हा सुरू. क्लायंट "सीडीआर काढून देता का?" असं विचारतो तेव्हा मी त्याला वकिलाकडे पाठवतो. नंबर आणि तारखा वकिलाला द्या, कोर्टाला अर्ज करू द्या. कोर्ट मोबाइल कंपनीकडून रेकॉर्ड मागवू शकतं. मंजूर होईलच असं नाही, वेळही लागतो. ज्याला थांबता येत नाही त्यानं दुसरा धंदा बघावा.

पण मला खरा वैताग येतो तो पुराव्याच्या हाताळणीचा. पुण्यात पेठेतल्या एका जुन्या दुकानाचा दावा होता. भाडेकरूनं परस्पर पोटभाडेकरू घातलाय, असं मालकाचं म्हणणं. मालकानं एका नवख्या पोराला काम दिलं. पोरगा मेहनती होता, त्याबद्दल दुमत नाही. रोज सकाळी समोरच्या अमृततुल्यात बसून त्यानं तिसराच माणूस शटर उघडतोय, गल्ल्यावर बसतोय, मालाचे पैसे चुकवतोय, असं सगळं मोबाइलवर टिपलं. मग घरी जाऊन क्लिपा कापल्या, त्यावर लाल बाण काढले, 'पुरावा क्र. १' असं लिहिलं आणि मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिल्या. फोनची मेमरी भरली म्हणून मूळ क्लिपा पुसल्या. पुढे दिवाळीच्या ऑफरमध्ये तो फोनही एक्स्चेंजला गेला.

दावा पुराव्याला लागल्यावर वकीलसाहेबांनी मला बोलावलं, ते निस्तरायला. निस्तरणार काय? मूळ चित्रीकरण नाही, यंत्र नाही, क्लिप कुठल्या यंत्रातून कशी घेतली याचं कोर्टात लागणारं प्रमाणपत्र कशाच्या आधारावर द्यायचं? पुन्हा पाळत ठेवावी म्हटलं तर तोवर समोरचा सावध झालेला. तिसरा माणूस आता कागदोपत्री 'नोकर' होता, पगाराच्या पावत्यांसकट.

यात नवीन काही नाही. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरचा खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटला या धंद्यातल्या प्रत्येकानं वाचायला हवा. खोतकरांचा उमेदवारी अर्ज वेळेनंतर स्वीकारला का, याचा वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओवर येऊन ठेपला होता. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात आणत नसाल तर प्रमाणपत्र हवंच. गोरंट्यालांना सूट मिळाली, कारण त्यांनी अधिकाऱ्यांकडे प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा मागितलं होतं आणि त्याची नोंद होती. जुलै २०२४ पासून नव्या साक्ष कायद्याचं कलम ६३ आलं. आता प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, दुसरा तज्ज्ञानं भरायचा आणि दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा सांकेतिक आकडा. कौटुंबिक न्यायालयात पुराव्याचे नियम सैल आहेत, हे ऐकून काही जण सगळीकडे तसंच वागतात. लघुवाद न्यायालयात गेलं की डोळे उघडतात.

माझी पद्धत जुनाट आहे. कामाचा कॅमेरा वेगळा, त्यावर घरचे फोटो नाहीत. काम संपलं की मेमरी कार्ड पाकिटात, त्यावर तारीख, वेळ, सही. ते कार्ड पुन्हा वापरायचं नाही. हॅश त्याच रात्री. वहीत पेनानं नोंद. क्लायंटला क्लिप हवी असेल तर ऑफिसात येऊन बघावी. रागावतात. रागावू देत.

बाकीचं थोडक्यात. पोलीस असल्याची बतावणी करू नका, अगदी सोसायटीच्या वॉचमनपुढेही. भारतीय न्याय संहितेचं कलम २०४ त्यासाठीच आहे. बायकोच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून द्या म्हणणाऱ्या नवऱ्याला दार दाखवा, बाईच्या फोन-ईमेलवर नजर ठेवणं कलम ७८ खाली पाठलागात मोडतं. 'शंभर टक्के रिझल्ट' लिहू नका. काम काय, फी किती, काय करणार नाही, हे कागदावर सही घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

हल्ली जामीनदारही येतात. "मी जामीन राहिलो, तो पळाला, उचलून आणा." हे सीरिअल बघून येतं. अमेरिकेत पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्या आणि पळालेल्याला पकडणारी माणसं असतात, आणि तिथेही इलिनॉय, विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत तो धंदा बंद आहे. आपल्याकडे तसं कुणाला गाडीत घातलंत तर अपहरणाचा गुन्हा तुमच्यावर. जामीनदाराला आधी वकिलामार्फत जामिनातून मुक्त होण्याचा अर्ज करायला सांगा. तुम्ही फक्त माग काढा. पत्ता सापडला की पोलीस ठाण्यात लेखी द्या, पोच घ्या आणि त्या पोचेची प्रत बिलाला जोडा.