चार्टर शाळेच्या बोर्डावर आहात? मग तारखांच्या या चुका टाळा

इथे कॅलिफोर्नियात आपल्यातले बरेच आई-बाबा चार्टर शाळांच्या बोर्डावर जातात, कुणाला हिशेब कळतो म्हणून, कुणाची मुलं तिथे शिकतात म्हणून, आणि पहिल्या काही महिन्यांतच कळतं की आपण समजत होतो तशी ही खाजगी शाळा नाहीये. सरकारी पैशावर चालणारी पब्लिक शाळा आहे, फी घेता येत नाही, चालवते नॉनप्रॉफिट संस्था आणि वर लक्ष ठेवायला ऑथोरायझर, म्हणजे बहुतेक वेळा तिथलं स्कूल डिस्ट्रिक्ट नाहीतर काउंटी. चार्टर, म्हणजे शाळा चालवायची परवानगी, साधारण ५ वर्षांचं असतं, मग रिन्यूअल. मी दोन टर्म बोर्डावर होते, त्यात एक रिन्यूअल अनुभवलं, आणि तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे: कागद ज्या दिवशी व्हायला हवा त्या दिवशीच करा, मागाहून केलेला कागद कितीही सुबक असला तरी उपयोगाचा नसतो.

सगळ्यात जास्त चुका मीटिंगच्या बाबतीत होतात. २०१९ मध्ये एसबी १२६ नावाचा कायदा झाला आणि १ जानेवारी २०२० पासून मीटिंग लोकांसमोर घ्यायला लावणारा ब्राऊन अ‍ॅक्ट, सरकारी कागद लोकांना मागता येतात तो पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट, हितसंबंधांचे कायदे हे सगळं चार्टर बोर्डांना स्पष्टपणे लागू झालं. नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावायचा, स्पेशल मीटिंग असेल तर २४ तास. ऐकायला सोपं आहे. आमच्याकडे काय झालं, सोमवारी संध्याकाळी ६ ची मीटिंग, अजेंडा शुक्रवारी ४ वाजता लावला, म्हणजे वेळेत, पण लावला ऑफिसच्या आतल्या नोटीस बोर्डवर, आणि ५ वाजता ऑफिसला कुलूप. शनिवार-रविवार तो कागद कुणालाही दिसला नाही. एका पालकाने सोमवारी बंद दाराचा फोटोच दाखवला, त्यावर शनिवार सकाळची वेळ होती. बरोबर होतं त्यांचं, कारण ते ७२ तास तो कागद लोकांना वाचता आला पाहिजे. त्या दिवशी मीटिंग रद्द केली आणि नव्याने नोटीस काढली. तेव्हापासून कागद काचेला आतून चिकटवायचा पण तोंड रस्त्याकडे, वेबसाइटवरही टाकायचा, आणि चिकटवल्यावर वेळ दिसेल असा फोटो काढून ठेवायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. ५ जणांचं बोर्ड असेल तर ३ जण म्हणजे बहुमत झालं, आणि त्या तिघांनी ग्रुपवर किंवा ईमेलवर शाळेच्या एखाद्या निर्णयाची चर्चा केली की ती नोटीस न काढता घेतलेली मीटिंगच धरली जाते. एकीने दुसरीला विचारलं, दुसरीने तिसऱ्याला सांगितलं, तरी तेच. "फक्त मत विचारलं हो काका" हे चालत नाही. ग्रुप ठेवायचाच असेल तर मीटिंग किती वाजता, पार्किंग कुठे, एवढ्यापुरता ठेवा, आणि प्रिन्सिपलची माहितीची ईमेल आली तर रिप्लाय-ऑल करू नका. चूक होऊन गेलीच असेल तर ते मेसेज डिलीट करायच्या भानगडीत अजिबात पडू नका (सरकारी कामाचे मेसेज खाजगी फोनवर असले तरी ते मागता येतात), तो विषय अजेंड्यावर घ्या, झालेली देवाणघेवाण उघड सांगा आणि निर्णय लोकांसमोर परत घ्या.

फॉर्म ७००, म्हणजे आपले पैशाचे हितसंबंध जाहीर करायचा फॉर्म, भरायचा राहून जातो. बोर्डावर आल्यापासून ३० दिवसांत, मग दरवर्षी १ एप्रिलपर्यंत, आणि सोडल्यावर परत ३० दिवसांत. हा सोडतानाचा फॉर्म जवळजवळ सगळे विसरतात. त्याच्याच जोडीला कलम १०९०, कॉन्ट्रॅक्टमधल्या हितसंबंधांबद्दलचं. समजा एका मेंबरच्या नवऱ्याचं केटरिंग आहे आणि शाळेच्या जेवणाचं कॉन्ट्रॅक्ट त्यांना द्यायचंय, तर ती मतदानाला बाहेर जाऊन बसली की झालं असं लोकांना वाटतं. सहसा तसं नसतं, बोर्डाच्या सदस्याचा पैशाचा संबंध असेल तर अख्ख्या बोर्डालाच ते कॉन्ट्रॅक्ट करता येत नाही आणि केलेलं कॉन्ट्रॅक्ट रद्दबातल ठरू शकतं. म्हणून आधी वकिलाला विचारा, सही नंतर.

आता हजेरी, कारण पैसा हजेरीवरच येतो. सॅन डिएगोमध्ये २०१९ साली ए-थ्री नावाच्या ऑनलाइन चार्टर साखळीच्या प्रकरणात ११ जणांवर आरोपपत्र दाखल झालं होतं, खेळाच्या क्लबांमधली मुलं कागदोपत्री शाळेत दाखवली होती, कित्येकांना आपण त्या शाळेत आहोत हेच माहीत नव्हतं. तसं तुमच्याकडे कुणी करणार नाही, मान्य. पण प्रामाणिक शाळेतही डिसेंबरमध्ये आपलीच मंडळी पोरांना घेऊन पुण्याला-नागपूरला पाच-सहा आठवडे जातात, शाळा म्हणते इंडिपेंडंट स्टडी (शाळेत न येता, करार करून केलेला अभ्यास) करू, आणि त्या करारावर सही होते जानेवारीत परत आल्यावर. १५ शाळेच्या दिवसांपेक्षा जास्त काळ असेल तर सगळ्या सह्या सुरुवात होण्याआधी हव्यात, नाहीतर त्या दिवसांचे पैसे ऑडिटमध्ये कापले जाऊ शकतात, मुलाने आजीच्या घरी बसून सगळा अभ्यास केलेला असला तरी. आणि मागची तारीख टाकून सही करून द्या असं ऑफिसमधून कुणी म्हणालंच तर नाही म्हणा. डिजिटल सही चालते, एअरपोर्टवर बसून फोनवरूनही करता येते, अट एवढीच की पहिल्या दिवसाच्या आधी. पालकांनो, हे तुम्हालाही सांगतेय, तिकीट काढलंत की शाळेला लगेच कळवा.

पालकांच्या व्हॉलंटियर तासांबद्दलही बोलायला हवं. "वर्षाला अमुक तास सेवा बंधनकारक" असं हँडबुकमध्ये अजून छापलेलं सापडतं. ते काढा. प्रवेशासाठी किंवा शाळेत टिकण्यासाठी अशी अट घालता येत नाही, उलट ती अट नाही हे पालकांना कळवायचं असतं. दोन नोकऱ्या करणाऱ्या आईने तो फॉर्म बघून अर्जच केला नाही तर प्रवेशाच्या लॉटरीच्या डब्यात तिच्या मुलाची चिठ्ठी पडतच नाही, आणि मला ही चूक बाकी सगळ्यांपेक्षा जास्त लागते.

पैशाच्या तारखा थोडक्यात: बजेट १ जुलै, मागच्या वर्षाचे आकडे १५ सप्टेंबर, अंतरिम रिपोर्ट १५ डिसेंबर आणि १५ मार्च, स्वतंत्र ऑडिट १५ डिसेंबर. १५ डिसेंबरला दोन गोष्टी एकत्र येतात, म्हणून ऑडिटरला उन्हाळ्यातच धरा.

एवढं करूनही ऑथोरायझरचं पत्र आलं तर घाबरून गप्प बसू नका. साध्या चौकशीलाही वेळेत उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे. साधं पत्र आहे की नोटीस ऑफ व्हायोलेशन (नियम मोडल्याची नोटीस) हे आधी नीट वाचा, कारण नोटीसमध्ये दुरुस्तीसाठी मुदत दिलेली असते आणि ती पाळली नाही तर प्रकरण चार्टर काढून घेण्यापर्यंत जाऊ शकतं. उत्तरात काय झालं, कधी लक्षात आलं, काय बदललं, तेवढंच लिहा. आमच्या रिन्यूअलच्या वेळी दोन मीटिंगचे मिनिट्स (कामकाजाची नोंद) सापडेनात. ऑडिओवरून ते परत लिहून काढले, पुढच्या मीटिंगमध्ये मंजूर केले आणि वर मंजुरीच्या दिवसाचीच तारीख घातली, खाली एक ओळ की हे उशिरा तयार केलेत. डिस्ट्रिक्टच्या बाईंनी ती ओळ वाचली, एक प्रश्न विचारला आणि फाइलचं पान उलटलं.