लाल रंग मोजण्याआधी: फायब्रोसिसच्या स्लाइडवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

पुण्यात पाषाणच्या आयसरमध्ये, विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसमध्ये किंवा आघारकर संस्थेत, अशा कुठल्याही संशोधन संस्थेत प्रकल्पासाठी आलेल्याच्या वाट्याला फायब्रोसिस (अवयवात कोलॅजन हे तंतुमय प्रथिन वाजवीपेक्षा जास्त साचणं) आलं, की घाई असते ती स्लाइडवर लाल रंगलेल्या कोलॅजनची टक्केवारी काढण्याची. ती टक्केवारी बिघडते मात्र संगणकाच्या कितीतरी आधी.

सुरुवात फॉर्मलिनपासून, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणापासून. 10 टक्के न्यूट्रल बफर्ड, ऊतीच्या 15-20 पट, 24 ते 48 तास. तुकडा 3-4 मिलिमीटरहून जाड नको. अख्खं यकृत छोट्या बाटलीत कोंबलं, की कडा पक्क्या होतात आणि गाभा सडायला लागतो.

सेक्शन, म्हणजे पॅराफिन मेणात बसवलेल्या ऊतीचे पातळ काप, 5 मायक्रॉनचे, सगळे एकाच जाडीचे. एक 5 चा, दुसरा 7 चा झाला तर जाड सेक्शन नुसत्या जाडीनेच जास्त लाल दिसेल. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पॅराफिन मऊ पडतं आणि कापांची सलग पट्टी (रिबन) चुरगळते. कापण्याआधी ब्लॉक बर्फावर ठेवा.

रंग म्हणजे पिक्रोसिरियस रेड: संपृक्त पिक्रिक आम्लात 0.1 टक्के. मागवताना ‘डायरेक्ट रेड 80’ हे नाव बघा, सिरियस नावाचे रंग अनेक आहेत. केंद्रकं दाखवायची असतील तर आधी वायगर्टचं हिमॅटॉक्सिलिन; साधं हिमॅटॉक्सिलिन पिक्रिक आम्लात धुऊन जातं. मग सिरियस रेडमध्ये पूर्ण एक तास. त्यानंतर नळाखाली धरलंत तर संपलं. 0.5 टक्के ॲसेटिक आम्लाच्या पाण्यात दोनदा बुडवायचं, झटकायचं, थेट शुद्ध अल्कोहोलमध्ये तीनदा, मग झायलीन, मग वरची काच चिकटवायला डीपीएक्स. साध्या पाण्याने रंग सुटतो, आणि स्लाइडगणिक वेगवेगळा सुटतो. खरा घात तोच. पावसाळ्यात उघडं राहिलेलं अल्कोहोल हवेतली ओल ओढतं. झायलीन दुधाळ दिसलं, तर अल्कोहोल बदला.

(पिक्रिक आम्ल कोरडं पडलं की स्फोटक. झाकणाभोवती पिवळे स्फटिक दिसले तर बाटली फिरवू नका, सुरक्षा अधिकाऱ्यांना बोलवा.)

ध्रुवीकृत प्रकाशात कोलॅजन लाल, पिवळं, हिरवं चमकतं. ‘लाल म्हणजे टाइप 1, हिरवं म्हणजे टाइप 3’ हे वाक्य अजून प्रबंधांतून फिरतं. ते सोडा. रंग धाग्याच्या जाडीवर आणि मांडणीवर ठरतो. कोलॅजनचा प्रकार हवा असेल तर त्या प्रकारालाच चिकटणारी अँटिबॉडी लावा.

फोटो काढताना एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स पहिल्या स्लाइडवर ठरवून कुलूपबंद करा. फिजी या चित्रं मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगांचे चॅनेल वेगळे करून हिरवा घ्या: लाल कोलॅजन त्यात काळं पडतं, पिवळी पार्श्वभूमी उजळ राहते. थ्रेशोल्ड (किती काळं म्हणजे कोलॅजन, ती सीमा) सगळ्यांना एकच. मोठ्या रक्तवाहिन्यांची भिंत आणि यकृताचं आवरण यांत कोलॅजन मुळातच असतं. ते वगळलं नाहीत तर निरोगी उंदीरही आजारी ठरतो. क्षेत्रं आपण निवडू नयेत, जाळी टाकून घ्यावीत. आणि स्लाइडवरची नावं झाकून त्यांच्या जागी सांकेतिक आकडे टाकण्याचं काम शेजारच्या टेबलावरच्याला सांगावं. कोणता आकडा कोणत्या स्लाइडचा, ही यादी मोजणी संपेपर्यंत त्याच्याकडेच.