कायमचं पुण्याला येताना

न्यू जर्सीहून कायमचं पुण्याला यायचं ठरलं की आधी डॉलर-रुपयाचा हिशेब मांडला जातो. मांडावाच. तिथे असिस्टेड लिव्हिंगचं, म्हणजे मदतनिसांसह राहण्याच्या वृद्धनिवासाचं, महिन्याचं बिल पाच हजार डॉलरच्या सहज वर जातं, आणि राहण्या-जेवण्याचा तो खर्च मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, उचलत नाही. पुण्यात तेवढ्यात घरभाडं, स्वयंपाकाच्या बाई, दिवसरात्रीचे अटेंडंट, डॉक्टर, सगळं भागतं. पण आम्ही दोघांनी वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहून ठेवला होता: दोघांपैकी एकच मागे राहिलं, तर हे जमेल का? पुढची प्रत्येक गोष्ट या प्रश्नाला लावून बघा. मी अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्यांसाठी लिहिते आहे. ग्रीनकार्डवर कायमचं निघून येणं म्हणजे ते कार्ड सोडणं, त्याचे नियम वेगळे.

कागदांना दोन वर्षं आधी हात घाला. जुना भारतीय पासपोर्ट सरेंडर केल्याचं प्रमाणपत्र, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड), पॅन, लग्नाचा दाखला. यात बायकांची नावं फार अडवतात. माझ्या पॅनवर मधलं नाव यांचं, अमेरिकन पासपोर्टवर मधलं नावच नाही आणि जुन्या मुदत ठेवीवर माहेरचं आडनाव. एका बँकेत यापायी माझी केवायसी चार महिने लटकली होती. यांच्या पाठीमागे मला एकटीला ते निस्तरावं लागलं असतं तर, हा विचार तेव्हा मनातून जाईना. म्हणून नावं आधी एकसारखी करून घ्या आणि प्रत्येक खातं दोघांच्या नावावर, नॉमिनीसकट असू द्या. ओसीआयवर फ्लॅट घेता येतो, शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. गावाकडे तुकडा घ्यायचं स्वप्न असेल तर ते आत्ताच बाजूला ठेवा. आधार मात्र भारतात १८२ दिवस राहून झाल्यावर निघतं.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण यासाठी दोन्हीकडचे कायदे जाणणारा सीए लागतोच. सोशल सिक्युरिटी, म्हणजे अमेरिकन सरकारची पेन्शन, भारतातही मिळत राहते आणि दोन देशांतल्या करारानुसार तिच्यावर कर फक्त अमेरिकेत लागतो. परदेशात राहणाऱ्यांना ७१६२ नंबरचा फॉर्म पोस्टाने येतो. तो भरून पाठवला नाही तर पैसे थांबतात, म्हणून पत्ता बिनचूक कळवा. अमेरिकेचं रिटर्न जन्मभर भरायचंच. भारतातल्या खात्यांची बेरीज वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे त्या खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला कळवायचा फॉर्म, भरायचा. इथल्या म्युच्युअल फंडांत घाईने पैसे टाकू नका, अमेरिकेच्या करात ते फार जाचतात. बरीच वर्षं बाहेर राहून आलेल्यांना भारतात सुरुवातीची दोन-तीन वर्षं आरएनओआरचा (रहिवासी, पण 'सामान्य रहिवासी' नाही असा) दर्जा मिळतो, तेव्हा परदेशातल्या उत्पन्नावर सहसा इथे कर नसतो. तिथलं घर विकायचं असेल तर याच काळात विका. गेल्या पाचातली दोन वर्षं त्यात राहिला असाल तर जोडप्याला ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा अमेरिकेतही माफ असतो. इथे आल्यावर बँकेला कळवून एनआरई-एनआरओ, म्हणजे अनिवासींची, खाती बदलून घ्या. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे तर आरएफसी खातं आहे. आणि अमेरिकेचा मोबाइल नंबर बंद करू नका. तिथल्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.

मेडिकेअर भारतात चालत नाही. तरी त्यातला पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, सोडण्याआधी शांतपणे विचार करा. सोडून पुन्हा घ्यायचा झाला तर बाहेर काढलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्के वाढतो, आणि तो दंड कायमचा असतो. आम्ही तो चालू ठेवला आहे, कारण एकटं उरलेलं माणूस मुलीकडे परत जाईल, ही शक्यता आम्हाला पुसायची नाही. भारतातली आरोग्य पॉलिसी निघायच्या तीन वर्षं आधी, सुट्टीवर आलात की काढा. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वाट बघावी लागू शकते. तो काळ तिकडेच सरतो. मधुमेह, रक्तदाब, स्टेंट, काही लपवू नका. औषधांची यादी ब्रँडच्या नावाने न करता मूळ औषधाच्या नावाने करा, आणि इथली नावंही लिहा: तिकडचं अ‍ॅसिटामिनोफेन म्हणजे इकडचं पॅरासिटामॉल, अल्ब्युटेरॉल म्हणजे सॅल्ब्युटामॉल. नागिणीच्या लशीचे दोन्ही डोस तिथेच घ्या.

आता घर. पहिलं वर्ष विकत घेऊच नका. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करा, तो रीतसर नोंदवा, आणि त्यात एक अख्खा पावसाळा येऊ द्या. आम्ही भाड्याने घेतलेल्या फ्लॅटच्या बाथरूमला चार बोटं उंबरा होता. जुलैत यांचा पाय तिथे अडला आणि मनगट मोडलं. तेव्हाच कळलं की लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. त्यानंतर घर बघायला जाताना आम्ही हॉल-किचनकडे शेवटी बघायचो. आधी लिफ्ट, तिला जनरेटर आहे का, बाथरूमची लादी, धरायला दांड्या लावता येतील अशी भिंत, आणि १०८ ची गाडी दारापर्यंत येईल का.

ज्येष्ठांसाठीच्या वसाहती पुण्यात बऱ्याच आहेत. पाषाण, बाणेर, बावधनकडची अथश्री संकुलं बहुतेकांना माहीत असतात. कुठलीही निवडा, पण दुपारी दाखवतात तेवढं पाहून सही करू नका. गेस्टरूम असेल तर आठवडाभर राहा. रात्री दोनला घंटी वाजवली तर कोण येतं, नर्स की वॉचमन, ते विचारा. स्मृतिभ्रंश झाला तर ठेवून घेता की जागा सोडायला लावता? एक जण गेल्यावर डिपॉझिटचं काय, आणि दुसऱ्याचा हक्क राहतो का? उत्तरं करारात लिहून घ्या. स्वतःच्या घरी राहणार असाल तर अटेंडंट पुरवणाऱ्या दोन ब्युरोंची माहिती आधीच काढून ठेवा: बारा तासांची ड्यूटी की चोवीस, डायपर बदलणं कामात धरलं आहे का, आणि गौरी-गणपतीत बाई गावी गेल्या तर बदली कोण देणार. त्या बाईंची झोप आणि जेवण नीट होईल अशी जागा घरात हवीच. थकलेल्या माणसाच्या हातून दुसऱ्या थकलेल्या माणसाची सेवा होत नाही.

अमेरिकेत केलेल्या लिव्हिंग विलवर, म्हणजे शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेल्या कागदावर, इथे विसंबू नका. इथल्या लिव्हिंग विलला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मृत्युपत्रं दोन करा, तिथल्या मालमत्तेचं तिथे, इथल्याचं इथे, आणि नंतरच्याने आधीचं रद्द होणार नाही अशी भाषा वकिलाकडून तपासून घ्या.

मुलांचं ओसीआय राहून जातं. आमच्या मुलीचं आम्ही निघायच्या महिन्यात करून घेतलं. फोन गेला की व्हिसासाठी न थांबता तिला पुढचं विमान पकडता यायला हवं.

फ्रिजवर एक कागद चिकटवला आहे, मराठीत, मोठ्या अक्षरांत: दोघांचे रक्तगट, औषधं, डॉक्टरांचा नंबर, १०८, पॉलिसीचा क्रमांक, किल्ली शेजारच्या काकूंकडे. खाली मुलीचा नंबर, पुढे ००१ लावून, म्हणजे बाईंना नुसता बघून फिरवता येईल.