घाटाआधीची धाकधूक: पहिल्या सातारा हिल हाफची तयारी

सातारा हिल हाफ मॅरेथॉन ही तुमची प्रत्यक्ष धावायची पहिलीच शर्यत असेल, तर पोटात दोन गोळे येतात. एक गर्दीचा, दुसरा यवतेश्वरच्या घाटाचा. आजवर एकट्याने पहाटे उठून, मोबाईलच्या ॲपवर अंतर नोंदवत २१ किलोमीटर, म्हणजे हाफचं पूर्ण अंतर, धावलेली माणसंही इथे आदल्या रात्री टक्क जागी असतात. पाय तयार असतात, पण सकाळी कधी, कुठे, काय करायचं हे ठरलेलं नसतं आणि मन त्याच रिकाम्या जागांमध्ये घुटमळत राहतं. नव्या धावकांसोबत वावरताना माझं मत पक्कं होत गेलं आहे: ‘घाबरू नकोस’ म्हटल्याने कोणाचीही भीती कमी होत नाही, पण सकाळसाठी ठेवलेले निर्णय आदल्या आठवड्यातच घेऊन टाकले की ती बरीच कमी होते. खालची यादी त्या निर्णयांची आहे.

पहिला निर्णय, शेवटच्या आठवड्यात सराव वाढवायचा नाही. मनाच्या समाधानासाठी बुधवारी पंधरा किलोमीटर मारून येण्याचा मोह अनेकांना होतो. त्या धावण्याने रविवारच्या शर्यतीसाठी काहीही मिळत नाही, थकवा तेवढा शिल्लक राहतो. दोन-तीन वेळा अर्धा-पाऊण तास सावकाश धावा, बस्स. या दिवसांत पाय जड वाटतात, गुडघ्यात कुठेतरी बारीक कळ जाणवते, वजन किलोभर वाढलेलं दिसतं. त्याने हबकू नका. सराव कमी झाला की स्नायूंमध्ये ग्लायकोजेन साठतं आणि ते आपल्यासोबत पाणी धरून ठेवतं. घाटात जळणारं इंधनच ते. ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल तर मात्र गोष्ट वेगळी. अशा अंगाने शर्यत धावायची नाही, हेही आधीच ठरवून ठेवा. पैसे भरले आहेत, मित्र येणार आहेत, ही कारणं तिथे चालत नाहीत.

दुसरी गोष्ट, रस्ता डोळ्यांखालून घाला. शर्यत शहरातून निघते, समर्थ मंदिर, बोगदा करत यवतेश्वरच्या घाटाला लागते आणि वरून वळून त्याच रस्त्याने परत खाली येते. म्हणजे पहिला अर्धा भाग मुख्यतः चढ, दुसरा मुख्यतः उतार. शनिवारी साताऱ्यात पोहोचलात की गाडीने एकदा घाट चढून या. वळणं कुठे आहेत, चढ कुठे अंगावर येतो, कुठे जरा सपाट होतो, हे पाहून ठेवा. चढाचा आकडा कागदावर वाचला की भीती वाटते, पण रस्ता बघून आलं की त्याचे तुकडे पाडता येतात. या वळणापर्यंत धावायचं, तिथे मिनिटभर चालायचं, पुन्हा धावायचं. घाटात कुठे चालायचं ते आधी ठरवून ठेवलं, तर प्रत्यक्ष चालताना हरल्यासारखं वाटत नाही. पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगतो, कारण घाटात पाय थांबण्याआधी बहुतेकांचं मन खचलेलं असतं. घड्याळावरचा वेग चढावर बघूच नका. एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येतंय का, एवढंच तपासा. येत नसेल तर वेग कमी करा.

उताराची भीती कोणी बाळगत नाही, आणि खरं तर तीच थोडी बाळगायला हवी. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात. सोमवारी जिना उतरताना जे रडवतं ते हेच. पावलं लहान आणि झटपट टाका, शरीर मागे झुकवू नका, आणि ओल्या रस्त्यावर रंगवलेल्या पट्ट्यांवर पाय देऊ नका. पायाची नखं दोन-तीन दिवस आधी कापा, नाहीतर ती उतारावर बुटाच्या टोकाला आपटून काळी पडतात.

सामान शनिवारी संध्याकाळीच एका जागी मांडायचं. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबरचा कागद, शर्यतीआधी प्रत्यक्ष जाऊन घ्यायचा असतो. ओळखपत्र आणि नोंदणीचा मेल सोबत ठेवा. बिबचं पाकीट तिथेच उघडून नाव, गट आणि नंबर तपासा. खोलीवर आल्यावर बिब टी-शर्टच्या पुढच्या बाजूला चार सेफ्टी पिनांनी लावून टाका. मागे रक्तगट, ॲलर्जी, घरच्यांचा नंबर लिहायची जागा असेल तर ती आळस न करता भरा. तुमची वेळ नोंदवणारी टायमिंग चिप बहुधा बिबलाच चिकटवलेली असते, म्हणून तो चुरगळू किंवा घडी करू नका. बूट, मोजे, टी-शर्ट, चड्डी यांतलं काहीही नवं नको. बिब वाटतात तिथल्या एक्स्पोमध्ये, म्हणजे धावण्याच्या सामानाच्या प्रदर्शनात, सुंदर बूट दिसतील. घ्यायचे तर घ्या, पण पुढच्या आठवड्यात वापरा. पावसाळ्याच्या शेवटी साताऱ्यात सर आणि धुकं दोन्ही धरून चालायचं. मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत आणि पुरुषांनी छातीवरही व्हॅसलीन लावायला विसरायचं नाही. ओल्या कपड्यात दोन-अडीच तास घासलं की कातडी सोलवटते. सुरुवातीला उभं राहताना अंगावर घालायला एखादा जुना रेनकोट ठेवा.

जेवण ओळखीचं. वरण-भात, दही-भात, थोडी बटाट्याची भाजी, आणि तेही लवकर. झणझणीत मिसळ आणि कंदी पेढे रविवार दुपारसाठी राखून ठेवा. पाणी दिवसभर नेहमीसारखं प्या. भीतीपोटी बाटल्यांवर बाटल्या रिचवू नका. गरजेपेक्षा फार पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते खरोखर धोकादायक असतं.

झोपेबद्दल मात्र निश्चिंत राहा. आदल्या रात्री झोप लागत नाही, हे जवळजवळ सगळ्यांचं होतं, आणि एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने महिन्यांचा सराव वाया जात नाही. शुक्रवारची झोप जपा. शनिवारी अंथरुणावर नुसतं पडून राहिलात तरी पायांना विश्रांती मिळतेच. दोन गजर लावा आणि घड्याळ उलटं करून ठेवा.

सकाळी सुरुवातीच्या वेळेआधी दोन-अडीच तास उठा. रोज चहा किंवा कॉफी घेत असाल तर घ्या. केळं, ब्रेडवर पीनट बटर, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, यांतलं सरावाला खाऊन पाहिलेलं तेवढंच खा. अंग दुखेल या भीतीने आधीच वेदनाशामक गोळी घेणारे भेटतात. घेऊ नका, धावताना पाणी कमी झालं की अशा गोळ्यांचा मूत्रपिंडांवर ताण येतो. पोट पुन्हा पुन्हा साफ करावंसं वाटेल. ॲड्रेनलीनमुळे ते होतंच. खोलीवर जाऊन घ्या, मैदानावर पोहोचल्यावर लगेच रांगेत लागा, रांग मोठी असते. सकाळी शहरातले रस्ते बंद होतात, त्यामुळे शेवटचा टप्पा चालत जाता येईल अशीच राहायची जागा बघा. पुण्यापासून सातारा साधारण ११० किलोमीटर, पण त्याच पहाटे गाडी हाणत येण्याचा बेत पहिल्या शर्यतीला तरी नको.

आता उभं राहण्याची ती पंधरा-वीस मिनिटं. मोठ्याने गाणी, ढोल, आजूबाजूला सराईत दिसणारे लोक, आणि आपल्या छातीत धडधड. गर्दीच्या मधोमध गुदमरत असेल तर कडेला, थोडं मागे उभे राहा. त्यात नुकसान काही नाही, कारण चिपची वेळ तुम्ही सुरुवातीची पट्टी ओलांडता तिथून मोजली जाते. श्वास नाकाने घ्या आणि घेण्यापेक्षा दुप्पट वेळ लावून सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात, म्हणून याचा उपयोग होतो. आणि स्वतःला ‘शांत हो’ सांगू नका. हार्वर्डच्या संशोधक अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाणं, भाषण किंवा गणिताच्या कसोटीआधी ‘मी उत्सुक आहे’ म्हणणाऱ्यांची कामगिरी स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. धडधड दोन्हीकडे तीच. तिला उत्साह म्हणणं शरीरालाही सोपं जातं. शेजारच्याला विचारा, ‘पहिलीच का?’ बहुतेकदा उत्तर ‘हो’ येतं आणि दोघांनाही हायसं वाटतं.

सुरुवात झाली की पहिले दोन किलोमीटर मुद्दाम सावकाश. तुम्ही सरावात किलोमीटरला साडेसात मिनिटं घेत असाल, तर इथे पावणेआठ घ्या. लोक भराभर पुढे जातील, जाऊ द्या. त्यांतले कितीतरी घाटात पुन्हा भेटतात. रस्त्याच्या कडेला सातारकर उभे असतात, पोरं टाळीसाठी हात पुढे करतात. तो हात घ्या, त्याने खांदे सैल होतात. पोटातली कालवाकालव धावायला लागल्यावर थोड्या वेळात बसते. छातीत दुखून हाताकडे किंवा जबड्याकडे कळ गेली, चक्कर आली किंवा थांबूनही श्वास सावरला नाही, तर ती धाकधूक समजू नका. तिथेच थांबा, स्वयंसेवकाला हाक मारा आणि वैद्यकीय मदत घ्या.

घरच्यांना सुरुवातीच्या गर्दीत बोलवू नका. शेवटच्या टप्प्यात, उतार संपून शहर लागतं तिथे एखादी नक्की जागा सांगा. शेवटची रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चालत राहा, मग ओले कपडे बदला. कोरडा टी-शर्ट आणि मोजे घरच्यांच्या पिशवीत आदल्या रात्रीच टाकलेले असू द्या.