नटाच्या कारकिर्दीवर व्याख्यान कसे तयार करावे: सर बेन किंग्सली यांच्या निमित्ताने

सोलापुरात एखाद्या वाचनालयाच्या सभागृहात किंवा हौशी नाट्यसंस्थेच्या तालमीच्या जागेत परदेशी नटावर व्याख्यान ठरले की वक्ता बहुधा जन्मतारखेपासून सुरुवात करतो, चित्रपटांची नावे वाचतो आणि पुरस्कारांवर थांबतो. श्रोत्यांच्या हाती यादी लागते, नट लागत नाही. व्याख्यान वेगळ्या रीतीने बांधता येते, आणि त्यासाठी बेन किंग्सली यांची कारकीर्द मला सर्वांत सोयीची वाटते. गांधीजींच्या भूमिकेमुळे हा इंग्रज नट आपल्याकडे घरोघरी ओळखीचा आहे, आणि नेमक्या त्या ओळखीमागे त्याचे उरलेले काम झाकले गेले आहे.

सुरुवात वहीपासून करावी. समोरासमोरच्या दोन पानांपैकी डाव्या पानावर रंगभूमीवरील कामे आणि उजव्या पानावर चित्रपट, वर्षांसह लिहून काढावेत. किंग्सली 1967 मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीत दाखल झाले. त्यानंतर 1970 मध्ये पीटर ब्रुक यांनी बसवलेल्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये डिमिट्रियस, त्याच वर्षी ‘द टेम्पेस्ट’मध्ये एरिअल, 1975 मध्ये हॅम्लेट आणि 1980 मध्ये ‘निकोलस निकल्बी’मधला क्रूर शाळामास्तर स्क्विअर्स, असे डावे पान भरत जाते. उजव्या पानावर मात्र 1972 चा एक थरारपट आणि त्यानंतर थेट 1982 चा ‘गांधी’ एवढेच उरते. मधली ती दहा वर्षांची कोरी जागा हाच व्याख्यानाचा कणा धरावा. ‘गांधी’ने एका अनोळखी माणसाला रातोरात नट केले, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते, वही उघडून दाखवली की जवळजवळ पंधरा वर्षे रोज शेक्सपिअरची वाक्ये घोटलेला नट कॅमेऱ्यासमोर उभा राहिला होता, हे श्रोत्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

बालपण दोन मिनिटांत आटपावे. 31 डिसेंबर 1943 रोजी यॉर्कशायरमधल्या स्नेंटन गावी जन्म, मूळ नाव कृष्ण पंडित भानजी, वडील पूर्व आफ्रिकेतून आलेले गुजराती वंशाचे डॉक्टर, आई इंग्रज, आणि वाढ मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड भागात. परके नाव कामाच्या आड येईल या धास्तीने त्यांनी ते बदलले, एवढे सांगून थांबावे. मला स्वतःला ही गोष्ट फार लागते, पण तिच्यावर अधिक रेंगाळले की व्याख्यान वंशाचे होते, अभिनयाचे राहत नाही.

खरी अडचण रंगभूमीची असते, कारण ते प्रयोग आपण पाहिलेले नाहीत. अशा वेळी विशेषणे लावू नयेत. प्रयोगाची जागा, मांडणी आणि प्रेक्षकांचे अंतर यांचे वर्णन करावे. हॅम्लेटचा प्रयोग स्ट्रॅटफर्ड येथील ‘द अदर प्लेस’ या पत्र्याच्या शेडवजा छोट्या नाट्यगृहात झाला आणि तो बझ गुडबडी या तरुण दिग्दर्शिकेने बसवला होता. हुतात्मा स्मृती मंदिराच्या मोठ्या रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणे आणि वाड्यातल्या दहा-बारा सतरंज्यांवर बसलेल्या प्रेक्षकांसमोर वाक्य नुसते पुटपुटणे, यांतला फरक आपल्या नटांना अनुभवाने ठाऊक आहे. तोच फरक एखाद्या स्थानिक नटाला उभे करून, एकच स्वगत दोन अंतरांवरून म्हणायला लावून, दाखवावा. कॅमेऱ्याला लागणारा लहान अभिनय किंग्सली यांनी कुठे कमावला असेल, याचा अंदाज श्रोत्यांना त्यातून आपोआप येतो.

यानंतर चित्रपटाकडे वळावे. ‘गांधी’ तीन तासांहून मोठा आहे, म्हणून त्यातला एकच प्रसंग निवडावा. दक्षिण आफ्रिकेत ओळखपत्रे जाळण्याचा प्रसंग मी दरवेळी घेतो. तो प्रथम आवाज बंद करून दाखवावा आणि फक्त उजव्या हाताकडे पाहण्यास सांगावे. पोलीस अधिकाऱ्याची काठी बसते, शरीर कोसळते, तरी हात पुढचे कार्ड उचलून विस्तवाकडे जातो. त्या हातात धीरोदात्तपणाचा आव नाही. वेदना आहे, थरथर आहे आणि तरीही काम पुरे करण्याची जवळजवळ कारकुनी चिकाटी आहे. चेहऱ्याने शौर्य दाखवण्याचा मोह ज्या नटाला आवरता आला, त्याला पुढे महात्मा दाखवता आला, असे माझे मत आहे. दुसऱ्यांदा तोच प्रसंग आवाजासह दाखवून मग चर्चा करावी.

त्याच्या शेजारी 2000 सालच्या ‘सेक्सी बीस्ट’मधला डॉन लोगन ठेवावा. निवृत्त साथीदाराला दरोड्यासाठी परत न्यायला आलेला हा गुंड नकार ऐकूनच घेत नाही. गांधींच्या भूमिकेत शांतपणे नकार देणारा नट इथे समोरच्याचा नकार चिरडतो, आणि दोन्हीकडे अंगाची तीच विलक्षण स्थिरता वापरतो. भाषा अत्यंत शिवराळ असल्यामुळे शाळकरी मुले असतील तर हा भाग वगळावा आणि 1993 च्या ‘शिंडलर्स लिस्ट’मधला हिशेबनीस इट्झाक स्टर्न घ्यावा.

पुरस्कार एका वाक्यात सांगावेत: ‘गांधी’साठी ऑस्कर, बाफ्टा (ब्रिटनचा चित्रपट पुरस्कार) आणि गोल्डन ग्लोब, पुढे आणखी तीन ऑस्कर नामांकने, 1984 मध्ये पद्मश्री आणि 2002 मध्ये सर हा किताब.

तांत्रिक तयारी आदल्या दिवशीच करावी. एकदा माझ्याकडून उपशीर्षके तपासायची राहिली आणि तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी अशा चार घरभाषांचे श्रोते इंग्रजी संवादांपुढे गप्प बसून राहिले. तेव्हापासून मी निवडक संवादांचा मराठी अनुवाद कागदावर वाटतो आणि प्रसंग सुरू होण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून दाखवतो.

शेवटी प्रश्नांसाठी पंधरा मिनिटे ठेवावीत. आपली माणसे ‘गांधी’ चित्रपटात कुठे होती, असे हमखास विचारले जाते. कस्तुरबांच्या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना बाफ्टा मिळाला, गोखल्यांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली आणि वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले, हे तयार ठेवावे. दुसरा प्रश्न खास सोलापूरचा असतो: चित्रपटात धारासनाचा मिठाचा सत्याग्रह आहे, मग आपला मार्शल लॉ, म्हणजे सोलापुरातला लष्करी कायदा, का नाही? त्यासाठी तारखा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवाव्यात. 5 मे 1930 रोजी गांधीजींना अटक, 8 मे रोजी सोलापुरात गोळीबार, 12 मेपासून लष्करी कायदा, 21 मे रोजी धारासना, आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना फाशी. या तारखा सावकाश, एकेक करून वाचाव्यात आणि ज्याच्या घरात त्या दिवसांची आठवण असेल त्याच्या हाती माइक द्यावा.