झूम केल्यावर फोटो पुसट दिसतोय? डिलीट करण्याआधी या चुका टाळा

खंड्या पक्ष्याचे फोटो निवडायला बसलो होतो. चारशेच्या वर रॉ फाइल (कॅमेऱ्याचा कच्चा डेटा ठेवणाऱ्या) होत्या आणि पद्धत नेहमीचीच: फोटो उघडायचा, डोळ्यावर झूम करायचं, डोळा शार्प नसेल तर शिफ्ट दाबून थेट डिलीट. तासाभरात साठ-सत्तर फोटो उडवले. मग एका फोटोवर झूम केलं, तोही पुसट दिसला, आणि डिलीट करायच्या आत पाणी प्यायला उठलो. परत येऊन पाहतो तर तोच डोळा पडद्यावर लख्ख! बुबुळातला प्रकाशाचा ठिपका, पापणीच्या कडेची बारीक पिसं, सगळं मोजता येईल इतकं स्पष्ट.

मी हात लावला नव्हता. व्ह्यूअरने, म्हणजे फोटो पाहायच्या प्रोग्रामने, मधल्या दोन-तीन सेकंदांत खरी फाइल उलगडून दाखवली होती, एवढंच. त्याआधीचे साठ-सत्तर फोटो मी ती उलगडायच्या आतच पुसून टाकले होते. कार्ड फॉरमॅट केलं नव्हतं म्हणून ते परत मिळाले. त्यांतले निम्मे तरी अगदी नीट फोकस झालेले होते.

तेव्हापासून फोटो पुसट दिसला की कॅमेऱ्याकडे, लेन्सकडे किंवा स्वतःच्या हाताकडे बोट दाखवण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो: व्ह्यूअर या क्षणी मला नेमकं काय दाखवतोय? खालच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

पहिलं दिसलेलं चित्र खरं धरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रॉ फाइलमध्ये सेन्सरने टिपलेला कच्चा डेटा असतो आणि त्याच्याबरोबर कॅमेऱ्याने तयार केलेला एक छोटा-मोठा जेपेग प्रीव्ह्यूही असतो. कच्चा डेटा उलगडायला वेळ लागतो, म्हणून व्ह्यूअर आधी हा प्रीव्ह्यू पुढे करतो. काही कॅमेऱ्यांच्या फाइलमध्ये तो फोटोएवढाच मोठा असतो, तर काहींमध्ये जेमतेम १६१६ × १०८० पिक्सेलचा. आता हिशेब करा. ६००० × ४००० चा फोटो म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल, आणि प्रीव्ह्यूमध्ये आहेत साधारण साडेसतरा लाख. त्याच्यावर झूम केलं की व्ह्यूअर तो जवळपास पावणेचार पट ताणतो. पुसट दिसणार नाही तर काय होईल?

जेपेगमध्येही हे घडतं, फक्त कमी वेळ. जेपेग ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनांत साठवलेलं असतं, त्यामुळे व्ह्यूअरला हवं तर ते थेट अर्ध्या, पाव किंवा एक-अष्टमांश आकारात झटपट उलगडता येतं. भराभर पुढे जाताना दिसतं ते बऱ्याचदा हे अर्धवट रूप.

ओळखायचं कसं? झूम केल्यावर हात थांबवा आणि एका बारीक कडेवर नजर ठेवा: केस, पिसं, कापडाचा धागा, पाटीवरचं अक्षर. ती कड अचानक 'टक्' करून बसली, किंवा रंग आणि उजेड किंचित बदलला, तर आधीचा प्रीव्ह्यू होता आणि आताची खरी प्रतिमा आहे. दहा सेकंद थांबूनही काहीच बदललं नाही, तर स्टेटस बारमधली लांबी-रुंदी पाहा. ती कॅमेऱ्याच्या पूर्ण आकाराशी जुळत नसेल, तर तुमचा व्ह्यूअर फक्त प्रीव्ह्यूवरच भागवतोय.

बहुतेक चांगल्या व्ह्यूअरच्या सेटिंगमध्ये रॉसाठी वेगळी सोय असते: फक्त प्रीव्ह्यू, अर्धा आकार, किंवा पूर्ण फाइल. सरसकट 'पूर्ण' लावायचा मोह होतो, पण मग दर फोटोला वाट पाहत बसावं लागतं. माझं मत विचाराल तर दोन फेऱ्या करा. पहिली प्रीव्ह्यूवर, फक्त चौकट, हावभाव आणि क्षण पाहून. दुसरी पूर्ण फाइलवर, फोकस तपासण्यासाठी. पहिल्या फेरीत फोकसवरून एकही फोटो काढायचा नाही, हे पथ्य पाळा. लाइटरूम क्लासिक (फोटो निवडायचा-सुधारायचा प्रोग्राम) वापरत असाल तर इम्पोर्ट करतानाच १:१, म्हणजे पूर्ण आकाराचे, प्रीव्ह्यू तयार करायला लावा. तेव्हा थोडा वेळ जातो, पण नंतर दर झूमला 'लोडिंग' बघत बसावं लागत नाही.

१०० टक्के म्हणजे काय ते न तपासणं

फोटो खिडकीत मावेल असा उघडला की आपल्याला वाटतं सगळा फोटो दिसतोय. चौकट सगळी दिसते, पण बारकावे नाहीत. ४००० पिक्सेल उंचीचा फोटो १०८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर बसवायचा तर तो २७ टक्क्यांवर येतो. म्हणजे फोटोतले सुमारे चौदा पिक्सेल मिळून पडद्यावरचा एक ठिपका. इतक्या आकुंचनात हललेला फोटोही शार्प भासतो. म्हणून शार्पनेसचा निवाडा १०० टक्क्यांवरच करायचा, जिथे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर बसतो. फोटोशॉपमध्ये त्यासाठी कंट्रोल आणि १, विंडोजवरच्या इरफानव्ह्यू या व्ह्यूअरमध्ये कंट्रोल आणि एच, मॅकच्या प्रीव्ह्यूमध्ये कमांड आणि शून्य. ६७ किंवा १३३ टक्क्यांसारख्या मधल्या पायऱ्यांवर निकाल देऊ नका. तिथे प्रत्येक ठिपका शेजारच्यांची सरासरी काढून बनलेला असतो.

पण १०० टक्के लिहिलंय म्हणून ते १०० टक्के असेलच असं नाही. विंडोजमध्ये डिस्प्ले स्केलिंग (पडद्यावरचं सगळं मोठं दाखवायची सोय) १२५ किंवा १५० टक्के असेल, तर जुना व्ह्यूअर स्वतःला लहान पडद्यावर समजून चित्र काढतो आणि मग विंडोज ती सगळी खिडकीच ताणून मोठी करतं. फोटो कितीही शार्प असला तरी त्याच्यावर पातळ धुकं पसरल्यासारखं दिसतं. खूण सोपी आहे: त्या प्रोग्रामच्या मेनूतली अक्षरंही पुसट दिसतात. उपाय असा: प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज', आणि तिथे स्केलिंगचं काम 'ॲप्लिकेशन'कडे सोपवा. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा.

खात्री करायची एक युक्ती मला फार आवडते. आपल्याच पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या, तो व्ह्यूअरमध्ये फुल स्क्रीन करा आणि झूम १०० टक्के ठेवा. चित्र पडद्याच्या चारही कडांना तंतोतंत भिडलं, तर तुमचे १०० टक्के खरे. बाहेर सांडलं किंवा भोवती काळी पट्टी राहिली, तर आकड्यावर विसंबू नका.

आणखी एक. दाट पिक्सेलच्या लॅपटॉपवर १०० टक्के झूमही इतका बारीक दिसतो की किंचित हललेला फोटो नजरेतून निसटतो. तिथे २०० टक्क्यांवर जाऊन पाहणं योग्य. साध्या फुल एचडी मॉनिटरवर मात्र २०० टक्क्यांचा फोटो मऊ दिसणारच. त्यावरून फोटोला नावं ठेवू नका. आणि फाइलमधला ७२ किंवा ३०० डीपीआयचा (दर इंचाला किती ठिपके, याचा) आकडा बदलून पडद्यावर काही फरक पडत नाही. तो छपाईसाठी असतो, पिक्सेल तेवढेच राहतात.

झूम करताना दिसणाऱ्या खाचा फोटोतल्या मानणं

विजेच्या तारा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात, जाळीदार कापडावर विचित्र पट्टे उमटतात, आणि झूम बदलला की पट्टेही जागा बदलतात. हा व्ह्यूअरच्या आकार बदलण्याच्या पद्धतीचा दोष. वेगासाठी तो मधले पिक्सेल सरळ गाळतो. इरफानव्ह्यूच्या व्ह्यू मेनूत झूमसाठी 'रिसॅम्पल' वापरण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. इतर व्ह्यूअरमध्ये अशा पद्धतीचं नाव बायक्युबिक किंवा लँझोस असं दिसेल. १०० टक्क्यांवरही पट्टे जागच्या जागी राहिले, तरच ते फोटोत आहेत.

झूमच्या जागी रिसाइझ

ही चूक लहान वाटते, पण फोटो कायमचा जातो. फोटो पडद्यावर मोठा वाटला म्हणून कोणी एडिट किंवा इमेज मेनूतलं 'रिसाइझ' वापरतं आणि बंद करताना विचारलं की 'सेव्ह' म्हणतं. झूम फक्त नजरेपुरता असतो, रिसाइझ फाइलमधले पिक्सेलच काढून टाकतो. ६००० रुंदीचा फोटो १२०० वर सेव्ह केला की चोवीसमधले तेवीस मेगापिक्सेल गेले, ते कुठल्याही झूमने परत येत नाहीत. पाहण्यासाठीच्या प्रोग्रामने बंद होताना 'सेव्ह करू का?' विचारलं, तर आपण नकळत काहीतरी बदललंय हे समजा आणि 'नो' म्हणा.

फोटो हळू उघडतो म्हणून व्ह्यूअर बदलत राहणं

एक व्ह्यूअर काढून दुसरा, मग तिसरा. कित्येकदा अडचण फाइल जिथे ठेवलीय तिथे असते. यूएसबी २.० च्या कार्ड रीडरची कमाल मर्यादाच सेकंदाला ६० मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी मिळतं. ५० मेगाबाइटची रॉ फाइल नुसती वाचून व्हायलाच सेकंदाहून जास्त जातो. फाइल आधी कॉम्प्युटरच्या एसएसडीवर कॉपी करा, मग निवड करा. वन ड्राइव्हसारख्या क्लाउड फोल्डरमध्ये तर नावाशेजारी ढगाचं चिन्ह असलेली फाइल तुमच्या डिस्कवर नसतेच. थंबनेल दिसतं, पण उघडल्यावर ती इंटरनेटवरून यायला लागते. तो फोल्डर आधी 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करून घ्या.

मेमरीचाही हिशेब लक्षात असू द्या. १० मेगाबाइटचा जेपेग मेमरीत १० मेगाबाइट घेत नाही. ६००० × ४००० चा फोटो उलगडला की दर पिक्सेलला ४ बाइट धरून ९६ मेगाबाइट लागतात. व्ह्यूअर पुढचा-मागचा फोटोही आधीच उलगडून ठेवत असेल, तर तिप्पट. ही सोय उत्तम आहे, ती बंद करू नका. फक्त मशिनमध्ये मेमरी कमी असेल तर आगाऊ उलगडायच्या फोटोंची संख्या एकावर आणा. ३०,००० × १०,००० चा पॅनोरमा एकटाच १.२ गिगाबाइट मागतो. त्यासाठी ३२ बिटचा जुना प्रोग्राम सोडून त्याचीच ६४ बिट आवृत्ती घ्या.

खालचा भाग करडा दिसला तरी कार्ड फॉरमॅट करणं

थंबनेल अगदी व्यवस्थित. फोटो उघडला की वरचा एक तृतीयांश ठीक, आणि खाली सपाट करडा रंग किंवा भलत्याच रंगाचे पट्टे. 'थंबनेल नीट आहे म्हणजे फोटो नीट असणार, व्ह्यूअरच बिघडलाय' असं वाटतं. पण थंबनेल हे एक वेगळंच चिमुकलं चित्र असतं. ते फाइलच्या सुरुवातीलाच, एक्झिफ माहितीबरोबर (कॅमेऱ्याने फोटोसोबत लिहिलेल्या नोंदींबरोबर) ठेवलेलं असतं, बहुधा १६० × १२० पिक्सेलचं. कॉपी अर्धवट झाली तरी सुरुवातीचा भाग येऊन पोचलेला असतो, म्हणून थंबनेल शाबूत आणि फोटो तुटका. कार्डावरची फाइल आणि कॉपी केलेली फाइल यांचा आकार बाइटपर्यंत जुळतो का पाहा, दुसऱ्या केबलने किंवा रीडरने पुन्हा कॉपी करा. आकार जुळला तरी काही फोटो १०० टक्क्यांवर उघडून पार खालच्या कोपऱ्यापर्यंत पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका. नुसत्या थंबनेलच्या रांगेवर नजर फिरवून 'सगळे आले' म्हणणं हे फार जणांना रडवून गेलंय.

नाव बदलून फॉरमॅट बदलला असं समजणं

आयफोनच्या एचईआयसी फाइल (आयफोनचा फोटो साठवायचा फॉरमॅट) विंडोजवर उघडत नाहीत म्हणून शेवटची अक्षरं बदलून 'जेपीजी' केली जातात. आतला मजकूर तोच राहतो, आणि मग काही व्ह्यूअर फाइल खराब असल्याचं सांगतात. नाव पूर्ववत करा आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली हेइफ आणि एचईव्हीसी एक्स्टेन्शन घाला, किंवा फाइल रीतसर कन्व्हर्ट करा.

झूमचं कुलूप विसरणं

फोटो उघडताच भलत्याच कोपऱ्यातला मोठा झालेला तुकडा दिसतो? व्ह्यूअर मागच्या फोटोचा झूम आणि जागा धरून ठेवतोय. एका दमात काढलेल्या बारा फोटोंतला सगळ्यात शार्प डोळा शोधायला याच्यासारखी सोय नाही: एकदा डोळ्यावर १०० टक्के गेलं की पुढचं बटण दाबत राहायचं, डोळा जागच्या जागी राहतो आणि फरक लगेच कळतो. फक्त प्रत्येक फोटोवर ती कड 'टक्' करून बसेपर्यंत थांबा, आणि ती बारा फोटोंची रांग संपली की झूम पुन्हा 'खिडकीत मावेल' वर आणून ठेवा.